जुना लॅपटॉप वायफायला जोडताय? या चुका टाळा

मोबाइलला नेट येतं, टीव्हीला येतं, मग या लॅपटॉपलाच काय धाड भरली? फोंड्यातल्या माझ्या दुकानात हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा लॅपटॉप ठणठणीत असतो. दहा-बारा वर्षांचं मशीन आणि नुकताच लावलेला फायबरचा राउटर यांचं जमत नाही, एवढंच. पण नेमकं कुठे अडलंय हे पाहायला पाच मिनिटं द्यायची कुणाची तयारी नसते.

राउटरच्या भोकात पिन खुपसणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. राउटर बंद करून परत चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबून धरणं वेगळं. पिन दाबली की वायफायचं नाव, पासवर्ड आणि बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या माणसाने भरून दिलेला युजर आयडीसुद्धा पुसला जातो. मग लॅपटॉपच काय, अख्खं घर नेटविना.

शिरोड्याच्या एका काकांकडे हे ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी घडलं. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि पुतण्याचा जुना लॅपटॉप काही केल्या पासवर्ड घेईना. पासवर्ड बरोबर होता, राउटरखालच्या स्टिकरवरूनच वाचून घातलेला. ‘काका, रिसेट मारूया, सगळं ठीक होतं,’ पुतण्या म्हणाला आणि मारलाही. कंपनीचा माणूस आता सण झाल्यावरच येणार होता.

काका लॅपटॉप घेऊन दुकानात आले. मी नोटपॅड उघडून दिलं आणि तोच पासवर्ड तिथे टाइप करायला सांगितला. त्यांनी ‘एम’ दाबला, उमटलं शून्य. ‘यू’ दाबला, उमटले चार. नम लॉक चालू राहिला होता! आकड्यांच्या वेगळ्या कळा नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर नम लॉक लागला की जे, के, एलच्या जागी १, २, ३ आणि यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६ येतात. पासवर्डच्या चौकटीत दिसतात नुसते काळे ठिपके, मग कळणार कसं? एफएन (Fn) कळ धरून नम लॉकची कळ दाबली आणि लॅपटॉप दुकानाच्या वायफायला मुकाट्याने लागला. घरचा राउटर मात्र कोरा तो कोराच.

म्हणून मी पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघतो. आणि कंपनीचा युजर आयडी, पासवर्ड कागदावर लिहून देवघराच्या कपाटात ठेवा. फोनमध्ये नको, फोन बदलतात.

वायफायचं नावच दिसत नाही

राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्कं सोडतो. जुन्या लॅपटॉपमधलं वायफाय पकडणारं कार्ड पुष्कळदा फक्त २.४ वालं असतं. त्याला ५ वालं नाव जन्मात दिसणार नाही, मग तुम्ही कितीही वेळा रीस्टार्ट मारा. ‘पाचवर स्पीड जास्त’ हे ऐकून २.४ बंद करून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. दोन्ही चालू ठेवा, नावं वेगळी द्या. तसंही ओसरीवरच्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चिऱ्याच्या जाड भिंती ओलांडून माजघरात पोचेपर्यंत अर्धमेला होतो, २.४ त्यातल्या त्यात तग धरतं.

अमेरिकेतून कुणी आणून दिलेल्या लॅपटॉपची आणखी एक खोड. २.४ च्या पट्ट्यात चॅनल म्हणजे क्रमांक दिलेल्या वाटा असतात; तिथे १२ आणि १३ हे चॅनल सहसा वापरत नाहीत, म्हणून तिथल्या कित्येक कार्डांना ते दिसतच नाहीत. आपल्याकडचा राउटर ‘ऑटो’वर असला तर कधीतरी नेमका तिथे जाऊन बसतो. आज दिसतं, उद्या गायब, असं झालं की चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्का करा.

नवे राउटर वायफाय ६ चे असतात. काही जुन्या ड्रायव्हरना, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरना, तसलं नेटवर्क यादीतसुद्धा दिसत नाही. नवा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटच तर नाही, हे रडगाणं नको. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या.

बाकीच्या चुका

राउटरची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वायफाय कुलूपबंद करायच्या नव्या पद्धतीवर, असेल तर जुना लॅपटॉप अडतो. ते २०१८ साली आलं. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय निवडा. कंटाळून पासवर्डच काढून टाकणाऱ्याला मी हात जोडतो.

कडेला वायफायची सरकती कळ आहे का ते आधी बघा. हसू नका.

जोडलं गेलं, पण पानं उघडत नाहीत? तारीख बघा. आतला सेल संपला की लॅपटॉप कित्येक वर्षं मागे जातो आणि वेबसाइटी त्याला दारात उभं करत नाहीत.

लगेच रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारा डबा, विकत आणू नका. जुन्या लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे नेटच्या केबलचं, पोर्ट असतं, नव्या सडपातळांना नसतं. केबल टाका आणि मोकळे व्हा. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की तीही काढून ठेवा.

यूएसबीत लावायचं वायफायचं डोंगल घ्यायचंच तर आपल्या विंडोजवर चालतं का ते विचारून घ्या. आणि ते यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावू नका, तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो.