रेटिंगचा मेळ बसत नाही तेव्हा

चौतीस वर्षं पतपेढीत रोखपाल होतो. संध्याकाळी जमा-नावे जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय. त्यामुळे मोबाइलवर बुद्धिबळाचा पहिलाच डाव हरलो तेव्हा हरण्यापेक्षा भलत्याच गोष्टीने डोकं फिरलं. माझे १५०० मधून दोनशेच्या वर गुण गेले आणि समोरच्याला मिळाले जेमतेम पाच. बाकीचे कुठे गेले?

नवीन असाल तर आधी हे समजून घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी ॲप काढून टाकाल. पतपेढीतली शिल्लक इथे विसरायची. रेटिंग हा तुमच्या खेळाच्या ताकदीचा निव्वळ अंदाज आहे. मी खेळतो त्या लिचेस या बुद्धिबळाच्या ॲपवर सगळ्यांना सुरुवातीला १५०० देतात, मग घोडा कसा चालतो हे कालच शिकलेला असो की जिल्हा गाजवलेला. तिथली ग्लिको-२ पद्धत त्या अंदाजाचा कच्चेपणाही मोजते. तुमच्याविषयी काहीच ठाऊक नाही, म्हणून तुमचा आकडा दाणकन हलतो. समोरचा शेकडो डाव खेळलेला, त्याचा आकडा मुरलेला. अनोळखी माणसाला हरवलं यातून त्याच्याविषयी नवीन काय कळणार? म्हणून पाच. उद्या तो तुमच्याकडून हरला तरी त्याचं थोडंच जाईल. मला तरी यात न्याय दिसतो. मात्र हे पटायला दोन रात्री आणि एक वही गेली.

आता करायचं काय? एकच वेळ-प्रकार धरा. ब्लिट्झ (अगदी झटपट डाव), रॅपिड (जरा सावकाश डाव) यांची रेटिंग वेगवेगळी असतात. तीन मिनिटांच्या डावात बोटं अडखळली तर तो आकडा तुमच्या बुद्धिबळाचा नसतो. मी दहा मिनिटांवर आणि प्रत्येक खेळीला पाच सेकंद यावर बसलो. बोटं सरावेपर्यंत रेटिंगविना खेळा, ती सोय असते. चेस डॉट कॉम हे तसंच दुसरं ॲप खातं उघडताना तुमची पातळी विचारतं. तिथे भिडस्तपणा नको आणि फुशारकीही नको.

मग सलग दहा-पंधरा डाव खेळून टाका. लिचेसवर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. प्रोफाइलमध्ये रॅपिडवर टिचकी मारलीत की विचलनाचा, म्हणजे अंदाजाच्या कच्चेपणाचा आकडाही दिसतो. तो ११० च्या खाली उतरला की प्रश्नचिन्ह जातं. माझं बाराव्या डावानंतर गेलं, तेव्हा मी ११३० वर होतो. तोवर वर-खाली झालेलं मनावर घेऊ नका. आकडा बघूनच छातीत धडधडत असेल तर सेटिंगमध्ये रेटिंग लपवता येतं. माझ्या नातीने तेच केलं, आणि वजीर फुकट देणं निम्म्यावर आलं.

सलग हरलात म्हणून नवं खातं मात्र काढू नका. पुन्हा १५०० वरून घसरत याल, आणि वाटेत कोणीतरी खऱ्या नवख्याला उगाच चेचाल.

आणखी एक. स्पर्धेच्या अर्जावर फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंगच्या रकान्यात हा आकडा लिहू नका. ते रेटिंग वेगळं, मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली मिळतच नाही. माझा ११३० लिहिलेला अर्ज पाहून टेबलावरचा पोरगा हसला होता.