फॉन डेर टान पुन्हा बांधताना: आधी जाळी, मग बाकी सगळं

गेल्या वर्षी डॅलसजवळच्या एका तळ्यात माझी फॉन डेर टान, म्हणजे जुन्या जर्मन युद्धनौकेची रिमोटवर चालणारी प्रतिकृती, बुडाली. समोरच्याच्या तोफांनी बुडाली असती तर वाईट वाटलं नसतं, अशी जहाजं एकमेकांवर छर्रे झाडून बुडवायची, हा खेळच त्यासाठी आहे. पण आत शिरलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपात बाल्साच्या हलक्या लाकडाची नखाएवढी कपची अडकली आणि ती बुडाली. कपचीही तिच्याच अंगाची होती. आता दुसरी बांधायला घेतली आहे, आणि इथल्या दोन मित्रांनीही आपापली जहाजं सुरू केली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिली गोष्ट: पंपाभोवती जाळी बसवा. स्क्रू, बॅटरी, गोंद विसरलात तर तळ्याकाठी कोणीतरी उसनं देईल. जाळी उसनी मिळाली तरी आयत्या वेळी बसवता येत नाही, कारण तिची जागा सांगाड्यातच ठेवावी लागते.

जहाज निवडताना हौस आवरा. हा खेळ १९७० च्या दशकाच्या अखेरीस इथेच टेक्सासात सुरू झाला आणि प्रमाण ठरलेलं आहे, १:१४४. बिस्मार्क खरी २५१ मीटर, म्हणजे प्रतिकृती १७४ सेंटीमीटरची. ती उचलायला दोघं लागतात आणि घरच्या टबात ती मावत नाही. टबात मावणं फार महत्त्वाचं आहे, त्याचं कारण पुढे येईल. फॉन डेर टान १७१.७ मीटर, म्हणजे जेमतेम ११९ सेंटीमीटर. जर्मनीची ही पहिली बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत हिने ब्रिटिशांची इंडिफॅटिगेबल बुडवली, आणि पुढे तिच्या स्वतःच्या तोफा काही काळ बंद पडल्या तरी ती रांग सोडून गेली नाही. मला ती याचसाठी आवडते. तुम्हाला दुसरी आवडत असेल तर ती घ्या, पण पहिलं जहाज सव्वा मीटरच्या आतलं असू द्या.

सांगाडा फायबरग्लासचा तयार मिळाला तर तोच घ्या. लाकडाचा करायचा असेल तर एक हिवाळा जादा धरा. बाजूंना खिडक्या कापायच्या, मधल्या पट्ट्या बरगड्या म्हणून ठेवायच्या. त्यांची रुंदी नियमात दिलेली आहे. कापण्याआधी मोजा, कारण जास्त कापलं तर परत जोडता येत नाही. खिडक्यांवर बाल्साची पातळ फळी चिकटवायची, एक बत्तिसांश इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर. छर्रा ती आरपार फोडतो, फोडायलाच हवी. आतून पातळ कागद आणि डोप (कागद ताणून घट्ट करणारं लाखेसारखं रोगण) लावलात तर भोक छर्र्याएवढंच राहतं आणि कडेची लाकडं उडत नाहीत. माझा कागद दोन खिडक्यांवर नीट चिकटला नव्हता. घाई केली होती. तिथूनच ती कपची आत आली.

आता पंप. इथे सावकाश वाचा. पंपाच्या तोटीचं भोक नियमाने बांधलेलं असतं. माझ्यासारख्या जहाजाला एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. तेवढ्यातून जेवढं पाणी बाहेर पडेल तेवढाच तुमचा जीव. त्या भोकात काही अडकलं की भरवसा संपला. त्यामुळे जाळीची भोकं तोटीपेक्षा लहान हवीत, दीड-दोन मिलिमीटरची. चहाची गाळणी कापून लाव, असं दोघांनी मला सुचवलं होतं, पण ती लावू नका. ती फार बारीक असते, बाल्साचा लगदा तिच्यावर साय धरल्यासारखा बसतो आणि पंप कोरडा फिरतो. स्टीलची जरा मोकळी जाळी घ्या, तिची डबी करा आणि पंपाभोवती चारी बाजूंनी बोटभर अंतर ठेवून बसवा. पंपाच्या तोंडालाच चिकटवलेली टिकलीएवढी जाळी म्हणजे जाळी नव्हे, एका कपचीने ती पूर्ण बंद होते. डबी मोठी असली की अर्धी बुजली तरी उरलेल्या अर्ध्यातून पाणी येत राहतं. आणि डबी वरून उघडून साफ करता आली पाहिजे.

पंपापर्यंत पाणी पोचायलाही हवं. बुडाशी दोन्ही बाजूंना फोम भरून मधोमध पन्हळ ठेवा आणि तिचा उतार पंपाकडे द्या. बूड सपाट राहिलं तर आलेलं पाणी जहाज वळताना एका कुशीला धावतं आणि जहाज कलंडतं. पन्हळ झाली, जाळी झाली, मग वरची डेक बंद करा. आधी नाही. मी डेक आधी बंद केली आणि ‘जाळी नंतर बघू’ म्हणालो. छर्रे संपल्यावर मी ‘पाच’ पुकारलं. त्यानंतर पाच मिनिटं तग धरायचा असतो. तिसऱ्या मिनिटाला तोटीची धार बारीक झाली, मग थेंब, मग काहीच नाही. पंपाचा आवाज मात्र येत होता. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

तोफांचं काम एखाद्या जुन्या खेळाडूच्या शेजारी बसून शिका, लिहून ते समजत नाही. छर्रे उडवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १५० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर नेऊ नका. ओ-रिंग, म्हणजे गॅस गळू न देणाऱ्या रबरी कड्या, जादा ठेवा. तोफेची नळी पाण्याच्या दिशेने खाली झुकलेली हवी. जहाज पाण्याबाहेर असताना तोफांना सेफ्टी पिन हवी म्हणजे हवीच. आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा, तुम्हाला आणि काठावर बघायला आलेल्या प्रत्येकाला. माझी मुलगी एकदा चष्मा काढून पुढे आली तेव्हा मी सगळं थांबवलं होतं. यात भीड ठेवू नका.

रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर पाणी न शिरणाऱ्या डबीत ठेवा. अँटेना जलरेषेच्या वर, कारण २.४ गिगाहर्ट्झचे संदेश पाण्याखाली पोचत नाहीत. बॅटऱ्या तळाशी. जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याच्या नळीत ग्रीस. फ्यूज.

मग टब. जहाज टबात ठेवा, जलरेषा जुळेपर्यंत वजन हलवा. नंतर मुद्दाम तांब्याने आत पाणी ओता, बाल्साचे तुकडे चुरून टाका आणि पंप दहा मिनिटं चालू ठेवा. धार बारीक झाली तर जाळी चुकली आहे, उघडा आणि पुन्हा करा. ही चाचणी मी केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. नुसतं स्वच्छ पाणी ओतून बघणं पुरत नाही, मी तेवढंच केलं होतं.

वेग शंभर फुटांवर मोजून घ्या. बुडालेलं जहाज सापडावं म्हणून त्याला तरंगता गोळा बांधा, गोळ्याची दोरी तळ्याच्या खोलीपेक्षा लांब ठेवा. माझी तेवढी गोष्ट बरोबर होती, म्हणून जहाज परत मिळालं. जलरेषेच्या वरच्या भोकाला १० गुण, रेषेवरच्याला २५, खालच्याला ५०. मोजणी झाली की भोकं बुजवायला बाल्सा, कागद, गोंद. छर्रे, चार्जर, टॉवेल, पाण्यात उतरायचे बूट.

निघण्याच्या आदल्या रात्री डबी उघडा, जाळी हाताने चाचपून बघा, डबी बंद करा.