दारू सुटावी म्हणून घरचे जे करतात: या चुका टाळा

गटारीच्या दुसऱ्या दिवशी कळव्यातल्या आमच्या चाळीत एक तरी शपथ होतेच. पोराच्या डोक्यावर हात ठेवून, बायको रडत असताना. अशी शपथ घ्यायला लावू नका. ती लाजेपोटी घेतलेली असते. चार दिवसांनी एक क्वार्टर पोटात गेली की माणूस म्हणतो, ‘गेलं सगळं, आता थांबून काय उपयोग?’ आणि मग आठवडाभर शुद्धीवर येत नाही. अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने ही घसरण नेमकी टिपली होती. पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरची ‘मी नालायकच’ ही भावना माणसाला जास्त खाली नेते.

दुसरी चूक श्रावणाची. ‘महिनाभर शिवत नाही, मग मी बेवडा कसा?’ हा युक्तिवाद घरोघरी चालतो. मुदत आधीच ठरलेली असेल तर ते सोडणं नव्हे, थांबणं. पण म्हणून त्या महिन्याची टिंगलही करू नका (आमच्याकडे सासूबाई हमखास करतात). संध्याकाळी सात वाजता तलफ आली तेव्हा काय केलंस, हे विचारा. आपल्याला जमू शकतं हा विश्वास जमल्याच्या अनुभवातून येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली गोष्ट हीच.

एक मात्र सांभाळा. रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरणाऱ्याने, श्रावण लागला म्हणून एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बरळणं सुरू होऊ शकतं, त्यात जीवही जातो. आधी डॉक्टर, मग संकल्प.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वाद. पिणाऱ्याच्या मनात सोडायचंही असतं आणि प्यायचंही असतं. तुम्ही सोडण्याची बाजू धरलीत की त्याच्या वाट्याला पिण्याची बाजू उरते, आणि ती मांडता मांडता ती त्यालाच पटते. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1983 पासून याच्या उलट वाट दाखवली: कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्या. ‘प्यायल्यावर काय बरं वाटतं?’ असं शांतपणे विचारून बघा. उत्तर संपत आलं की तोटे तो बहुधा स्वतःच काढतो.

साहेबांना ‘पोट बिघडलंय’ असा फोन बायकोने करायचा नाही. ‘पुरता आपटला की सुधारेल’ म्हणून वाटही बघायची नाही. काहीजण आपटतात ते उठतच नाहीत.

घसरलाच, तर भांडण दुसऱ्या दिवसावर ढकला. मग विचारा: किती वाजता, कोणाबरोबर, त्याआधी काय झालं? ऐरोलीहून ठाण्याला उतरल्यावर स्टेशनबाहेरचा बार आडवा येत असेल, तर आठवडाभर सॅटिसवरूनच (स्टेशनला जोडलेल्या बसच्या पुलावरूनच) बस पकडून घरी यायचं. बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. तो फोन बायकोने स्वतःसाठी केला तरी चालतो.