नवीन एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब!

परवा जुन्या पीसीत एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) टाकली, विंडोज झटक्यात चालू झालं पण जुनी हार्ड डिस्क दिसेचना, सगळे फोटो तिच्यातच त्यामुळे पोटात गोळाच आला. केबल बदलली, पॉवरची पिन काढून परत लावली, बायोसमध्येही (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) नाव नाही. शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं तर तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, एम.२ स्लॉट (ही एसएसडी बसते ती खाच) वापरला की एक साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ती जागा) बंद होतो. स्वस्तातल्या बोर्डांच्या चिपसेटमध्ये (बोर्डवरची मुख्य चिप) लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, कमी असतात, म्हणून दोघांत एकच लेन वाटून दिलेली असते. पीसी बंद करून क्लिप दाबून केबल काढली, शेजारच्या पोर्टला लावली आणि डिस्क लगेच आली, जीवात जीव आला.

पण मग स्पीड टेस्ट केली तर रीड (वाचायचा वेग) सेकंदाला १७०० एमबीच्या आसपासच, डब्यावर ३५०० लिहिलंय. एसएसडी चांगली आहे, स्लॉटच जेन ३ चा (पीसीआयईची तिसरी पिढी) पण दोनच लेनचा, एका लेनमधून सेकंदाला जास्तीत जास्त साधारण ९८५ एमबी जातात, मग दोन लेनमधून प्रत्यक्षात एवढंच येणार. यावर सेटिंगमध्ये काही उपाय नाही, चार लेनचा स्लॉटच लागतो. रोजच्या वापरात मात्र फरक जाणवत नाही, म्हणून मी तसंच ठेवलंय.