लिक्विड आयलायनर पेन निवडताना आधी टोक पाहावे

लिक्विड आयलायनर पेन घेताना रंग किती गडद आहे आणि वेष्टनावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे का, एवढेच बहुधा पाहिले जाते. माझ्या मते सर्वांत आधी पाहावे ते पेनाचे टोक. गडद काळा रंग सहज मिळतो. पण टोक फाकलेले किंवा अडखळणारे असेल, तर कितीही सराव करूनही रेघ सरळ येत नाही आणि दोष मात्र आपण आपल्या हाताला देत राहतो.

टोके मुख्यतः दोन प्रकारची असतात. फेल्टचे टोक स्केचपेनसारखे एकसंध आणि काहीसे ताठ असते. दाब थोडा कमीजास्त झाला तरी रेघेची जाडी फारशी बदलत नाही, त्यामुळे नवख्या हाताला ते सोयीचे पडते. ब्रशच्या टोकात बारीक कृत्रिम केस असतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी अगदी बारीक आणि बाहेर जाताना जाड होत जाणारी रेघ त्याने एका ओघात काढता येते, मात्र हात स्थिर हवा. पापणीची त्वचा सैल किंवा सुरकुतलेली असेल तर ताठ फेल्ट ती सोबत ओढत नेते आणि रेघ वेडीवाकडी होते. अशा पापणीसाठी मी ब्रशच सुचवीन.

नमुन्यासाठी ठेवलेले पेन कधीही डोळ्याला लावू नये, कारण ते आधी कोणी कसे वापरले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. मूठ सैल सोडून पालथ्या हातावर एक रेघ सावकाश आणि एक झपकन ओढावी. सावकाश ओढलेल्या रेघेच्या कडांना बारीक तंतू फुटले, तर शाई गरजेपेक्षा जास्त सुटते आहे. झपकन ओढलेली रेघ मध्येच करडी पडली किंवा तुटली, तर शाई पुरेशी उतरत नाही. रेघा दोनेक मिनिटे सुकू द्याव्यात. मग एकीवर कोरडे बोट फिरवावे, दुसरीवर पाण्याचा थेंब सोडून टिपावा आणि तिसरी काढून, तीही सुकल्यावर, तिच्यावर किंचित क्रीम लावलेले बोट घासावे. ही तिसरी कसोटी सहसा कोणी घेत नाही, पण तीच सर्वांत उपयोगाची आहे. पाण्याला दाद न देणारे पुष्कळ लायनर तेलाने विरघळतात, आणि पापणी तेलकट असेल किंवा तिची घडी खाली झुकलेली असेल, तर दुपारपर्यंत रेघेचा ठसा वरच्या घडीवर उमटतो.

लायनर निघतो कसा, हेही घेण्याआधीच वाचावे. काहींचा पातळ थर कोमट पाण्याने सालीसारखा सुटतो, तर पक्क्या वॉटरप्रूफ लायनरला तेलयुक्त रिमूव्हर लागतो; तो जवळ नसेल तर रोज पापण्या चोळाव्या लागतात.

हलवल्यावर आत गोळी वाजणारे पेन वापरण्यापूर्वी चांगले हलवावे. ज्यांत शाई वातीत शोषलेली असते, ती पेने टोक खाली करून ठेवावीत. असेच एक पेन मी कित्येक दिवस टोक वर करून ठेवले होते आणि शाई संपली असे समजून फेकणार होते. रात्रभर उलटे ठेवल्यावर ते पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले. आयशॅडोची पूड टोकात अडकते, तेव्हा मधूनमधून ते टिश्यूवर हलकेच टेकवून पुसावे.

रेघ केसांच्या मुळांबाहेर, त्वचेवरच काढावी. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर तैलग्रंथींची तोंडे असतात, तिथे हा लायनर लावू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास त्या आधी घालाव्यात. वेष्टनावर उघड्या डबीच्या चिन्हात ‘६ एम’ असे लिहिलेले असेल, तर ते उघडल्यापासून सहा महिने, असा त्याचा अर्थ. त्या दिवसाची तारीख पेनावरच चिकटवून ठेवावी. डोळे आले असताना वापरलेले पेन मात्र, कितीही नवे असले तरी, त्याच दिवशी टाकून द्यावे.