घरच्या घरी मॉडेल रेल्वे: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

मॉडेल रेल्वे हा महागडा छंद आहे, असं म्हणतात ते अर्धंच खरं. महाग वस्तू चारच: इंजिन, रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि वीज देणारा कंट्रोलर. या चारांत काटकसर केली की गाडी अडखळते, घसरते आणि महिन्याभरात सगळा पसारा माळ्यावर जातो. डोंगर, झाडं, घरं, फलाट, खडी, खालचं टेबल हे मात्र रद्दी, पुठ्ठा, भुसा आणि पांढरा गोंद यांतून होतं. नीट केलं तर विकतच्यापेक्षा बरं दिसतं. म्हणून डब्यांची रांग विकत घेण्याऐवजी एक चांगलं इंजिन आणि मोजकेच डबे घ्या.

प्रमाण आणि जागा

खरेदीच्या आधी प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान, हे ठरवायचं, कारण नंतर ते बदलता येत नाही. सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. खऱ्या स्टँडर्ड गेजच्या (जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रुंदीच्या) रुळांत १,४३५ मिमी अंतर असतं. त्याला ८७ ने भागलं की १६.५ मिमी येतं, तोच एचओचा रूळ. एन प्रमाण १:१६० चं, त्याचा रूळ ९ मिमीचा. एचओमध्ये माणूस साधारण २ सेंमी उंच होतो, एनमध्ये जेमतेम १ सेंमी. पुठ्ठ्याची घरं हाताने कापायची असतील तर एचओ सोपं पडतं. जागा कमी असेल आणि गाडी गोल फिरवायचीच असेल तर एन घ्यावं.

याचं कारण वळण. एचओच्या नेहमीच्या सेटमधल्या घट्ट वळणाची त्रिज्या ३६ सेंमीच्या आसपास असते. पूर्ण गोल घेतला की ७२ सेंमी झाले, वर दोन्ही कडांना मोकळी जागा, म्हणजे टेबल किमान ९० सेंमी रुंद हवं. एनचा गोल ६० सेंमी रुंदीत बसतो. एका बाजूनेच हात जाणार असेल, तर ७५ सेंमीच्या पलीकडे घसरलेला डबा उचलताना अलीकडचं स्टेशन कोपराखाली चिरडतं. टेबल भिंतीला टेकवण्याआधी एकदा हात लांबवून बघा.

नकाशा: गोल की यार्ड?

पहिल्या नकाशात सगळेच सगळं कोंबतात. दोन स्टेशनं, बोगदा, पूल, चार सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). मीही कोंबलं होतं. पहिल्यांदा करणाऱ्याला माझा सल्ला: गोल सोडा, एक छोटं मालगाडीचं यार्ड, म्हणजे डबे जोडायची-सोडायची जागा, करा. ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ नावाची मांडणी त्यासाठी जगभर वापरतात. दोन सांधे, तीन मार्गिका. एकीवर ५ डबे मावतात, उरलेल्या दोघींवर ३-३, आणि सांध्यांच्या पुढच्या तुकड्यावर इंजिन व ३ डबे. एचओमध्ये आखूड डबे वापरले तर दीड मीटर लांब आणि ३० सेंमी रुंद फळीवर हे सगळं बसतं. फळी पुस्तकांच्या कपाटावरही राहते. एवढ्याशा जागेत खेळ कसा रंगतो, ते शेवटी येईलच.

नकाशा वर्तमानपत्राचे कागद जोडून त्यावर खऱ्या मापात काढा. सांध्यांची रूपरेषा पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि कागदावर सरकवून बघा. रूळ घेण्याआधी हे केलं की चुका पुठ्ठ्यातच होतात.

नकाशात दोन गोष्टी टाळायच्या. एक, डावं वळण संपता संपता लगेच उजवं. मध्ये निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ हवा, नाहीतर डबे जोडणारे कपलिंग एकमेकांना बाजूला ओढतात आणि डबे उतरतात. दोन, गाडी वळून त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येईल असा फास. गोल नकाशात असा फास नकळत तयार होतो. दोन रुळांच्या पद्धतीत एका रुळात धन आणि दुसऱ्यात ऋण वीज असते. फास पुरा झाला की डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. माझ्या पहिल्या मांडणीवर दोन संध्याकाळ मी कंट्रोलर बिघडला असं समजत होतो. दोष असा एका फासाचा होता. यावर उपाय आहेत, पण पहिल्या मांडणीत फास नकोच.

चढाचंही गणित करून ठेवा. दर १०० सेंमीला ३ सेंमीपेक्षा जास्त चढ दिला तर छोटं इंजिन चार डबे घेऊन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. एचओमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला पुलाच्या जाडीसकट सुमारे ८ सेंमी उंची लागते. त्या हिशेबाने चढच पावणेतीन मीटर लांब होतो, उतार वेगळा. छोट्या टेबलावर त्याचा नाद सोडा. पूल हवाच असेल तर रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली खणा. फोममध्ये नदीचं पात्र कोरलं की पूल आपोआप दिसतो.

पाया

जुना फ्लश दरवाजा मिळाला तर सोनंच. सपाट, हलका आणि वाकत नाही. नाहीतर ९ मिमी प्लायवूड, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. त्यावर २५ ते ५० मिमी जाड दाट फोमची शीट चिकटवा. या शीट इमारतींच्या उष्णतारोधासाठी वापरतात. साधं पांढरं थर्मोकोलही चालतं, फक्त कापताना त्याचे मणी घरभर उडतात आणि आठवडाभर सापडत राहतात. कापायला धारदार लांब पात्याचं कटर वापरा. तापलेल्या तारेने कापायचं तर खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर घेऊ नये.

फोमवर द्रावकाचा गोंद किंवा स्प्रे पेंट कधीही वापरू नका. दोन्ही फोम खातात. माझा एक अख्खा डोंगर स्प्रेच्या एका फवाऱ्यात खड्डा झाला होता. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंग एवढंच पुरतं.

रूळ अंथरणं

इथे घाई करायची नाही. मांडणीचं भवितव्य याच टप्प्यावर ठरतं.

रुळांखाली ३ ते ५ मिमीची मऊ पट्टी घाला. जुन्या व्यायामाच्या मॅटमधून कापलेली पट्टी उत्तम, ती आवाज शोषते. पट्टीचा वरचा भाग बोटाने चाचपा. कण किंवा गोंदाचा गोळा लागला तर आत्ताच काढा, उद्या तिथेच डबा उडेल. मग नकाशावर सांधे आधी बसवा आणि त्यांच्यामध्ये रूळ जोडत या. रुळांचे तुकडे घट्ट भिडवू नका. दर काही जोडांनंतर जाड कागद मावेल एवढी फट ठेवा. उन्हाळ्या-पावसाळ्यात लाकूड आणि धातू हलतात, फट नसली तर रूळ कमानीसारखा उचलला जातो.

जोडावरून बोट फिरवा. नखाला अडकलं की चाकालाही अडकणार. नजर रुळाच्या पातळीवर आणून एका टोकाकडून बघा, वाकडेपण वरून दिसत नाही ते असं लगेच दिसतं. सुरुवातीला रूळ फक्त टाचण्यांनी धरून ठेवा.

वीज

साधी मांडणी १२ व्होल्ट डीसीवर चालते. घरच्या वीजपुरवठ्याकडची बाजू कधीही हाताने बनवू नका. तयार, प्रमाणित ॲडॉप्टर किंवा कंट्रोलरच घ्या.

रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यांवर विजेसाठी विसंबू नका. ते आज नीट असतात, सहा महिन्यांनी काळवंडतात आणि गाडी टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यात हळू पडते. टेबलाखालून दोन रंगांच्या दोन जाड तारा पूर्ण लांबीभर न्या आणि साधारण दर मीटरला बारीक तारांनी रुळांच्या बाहेरच्या कडेला वीज पोचवा. रंग शेवटपर्यंत पाळा: लाल नेहमी पुढच्या रुळाला, काळी मागच्या. शक्य तिथे डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम रूळ फोमवर बसवण्याआधीच उरकावं. तापलेल्या डागणीखाली फोम आणि रुळांखालचे आडवे स्लीपर दोन्ही वितळतात.

काही सांध्यांचा मधला बेचका, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचा असतो. तिथे वीज नसते, म्हणून चार चाकांचं चिमुकलं इंजिन नेमकं त्यावर थांबतं. जास्त चाकांनी वीज घेणारं इंजिन घेतलं की हा त्रास जवळपास संपतो.

आता गाडी चालवा. पुढे, मागे, सावकाश, प्रत्येक सांध्यावरून. मुख्य परीक्षा उलटं ढकलण्याची आहे. ओढताना लपलेले दोष ढकलताना बाहेर पडतात. एक डबा एकाच जागी दोनदा उतरला तर रूळ तपासा. तोच डबा जागोजाग उतरत असेल तर त्याची चाकं तपासा. आठवडाभर असं चालवून झालं, की मगच रूळ कायमचे चिकटवा.

डोंगर, खडी, झाडं

डोंगर हा वर्तमानपत्राच्या बोळ्यांचा ढीग असतो. त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, जाळीवर गोंदाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचे तीन-चार थर. प्रत्येक थर वाळू द्या. बोगदा करायचाच असेल तर मागच्या बाजूला हात जाईल एवढं भोक ठेवा. गाडी घसरायला बोगद्याचीच जागा निवडते! वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात, त्यामुळे बोगद्याचं तोंड सरळ रुळाच्या मापाने कापलं तर डबा घासतो. लांब डब्याच्या मध्यावर आणि टोकांवर पेन्सिली चिकटवून तो वळणावरून फिरवा. उमटलेल्या रेघांच्या बाहेर जे राहील ते सुरक्षित.

खडीसाठी बारीक चाळलेली वाळू घ्या, धुऊन वाळवा आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवा. वाळूतले लोहकण इंजिनाच्या मोटरकडे ओढले जातात. वाळू कोरडीच पसरा, मऊ ब्रशने स्लीपरांमधून सारखी करा, मग पाण्याचा बारीक फवारा मारा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब हवेतच, नाहीतर पाणी वाळूवर मोत्यांसारखं उभं राहतं. शेवटी एक भाग गोंद आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. सांध्यांच्या हलणाऱ्या जिभांजवळ गोंद जाऊ देऊ नका आणि रुळाचा माथा लगेच पुसा.

गवताला रंगवलेला भुसा, झाडांना वाळक्या फांद्या किंवा पीळ दिलेली बारीक तार, पालवीला मिक्सरमधून काढलेला जुना स्पंज. हिरवा रंग बाटलीतला थेट वापरला तर झाडं खेळण्यातली दिसतात. त्यात थोडा तपकिरी आणि पिवळा मिसळा.

घरांसाठी खोक्यांचा पातळ, गुळगुळीत पुठ्ठा. एचओमध्ये दार २४ मिमी उंच आणि एक मजला साधारण ३४ मिमी, ही दोन मापं भिंतीवर लिहून ठेवली की चुकणं अवघड. पत्र्याच्या छपरासाठी नालीदार पुठ्ठ्याचा मोह होतो, पण त्याची लाट ७ मिमीच्या आसपास असते, म्हणजे खऱ्या मापात अर्ध्या मीटरहून मोठी. त्यापेक्षा पातळ कार्डावर शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबा. खिडक्यांना पॅकिंगचं पारदर्शक प्लास्टिक.

आता खेळा

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा. सँडपेपरने ओरखडे पडतात आणि त्यात मळ जास्त बसतो. काम नसताना मांडणीवर जुनी चादर टाका.

मग इंगलनूकचा खेळ: आठ डब्यांना आठ चिठ्ठ्या करा, आणि न बघता पाच उचला. त्या पाच चिठ्ठ्यांवरचे डबे त्याच क्रमाने लांब मार्गिकेवर उभे करायचे, हात न लावता, फक्त इंजिनाने ओढून-ढकलून. असे क्रम ६,७२० होतात. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली तर घाबरू नका. मोकळ्या मार्गिकेवर कोणता डबा तात्पुरता ठेवायचा, एवढ्याच प्रश्नात ती जातात.