इंग्रजी प्रश्न विचारण्याआधी विधान लिहून पाहा

मराठीत शब्दांचा क्रम न बदलता 'तू कुठे जातोस?' असे विचारता येते. तीच सवय इंग्रजीत नेल्यामुळे 'व्हेअर यू आर गोइंग?' अशी चूक होते. ती टाळण्यासाठी आधी 'यू आर गोइंग' हे साधे विधान लिहावे आणि त्यातील साहाय्यक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाला मदत करणारे 'आर', कर्त्याच्या आधी आणावे: 'व्हेअर आर यू गोइंग?'

'शी वेंट होम' या विधानात असे क्रियापद दिसत नाही, म्हणून तेथे 'डिड' घ्यावे. मात्र भूतकाळ 'डिड'मध्येच आल्यामुळे 'वेंट'चे पुन्हा 'गो' करावे, आणि याच ठिकाणी चुका होत असल्याने 'डिड शी गो होम?' हे वाक्य मोठ्याने म्हणून पक्के करावे. त्याचप्रमाणे 'शी वर्क्स'मधला शेवटचा 'स' 'डज'मध्ये जातो: 'डज शी वर्क?'

'कॅन यू टेल मी' अशी सुरुवात केल्यास मात्र पुढे अदलाबदल करू नये. 'व्हेअर द बँक इज' हाच क्रम ठेवावा.